अक्काचा कर्नल

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक घेत होते. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. फोन टेबलावर थरथरत होता आणि मी तो दोनदा पालथा घातला, कारण प्रात्यक्षिक चालू असताना फोन घ्यायचा नाही हा माझाच नियम आहे आणि तो मी मुलांना मोठ्या तोऱ्यात ऐकवलेला आहे. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा दाराबाहेर गेले. "मॅडम, आई गेली," एवढंच ती म्हणाली... मग मागे कुणाचं तरी रडणं, आणि फोन बंद. मी व्हरांड्यात उभी राहिले. खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं आणि ती काही सुरू होत नव्हती. मला अक्काचा चेहरा आठवायला हवा होता. तो आठवला नाही. पहिलं मनात आलं ते हे, की तिला जे सांगायचं राहिलं होतं ते आता राहिलंच. आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी क्षणभर, मला हायसं वाटलं. हे लिहायला हात धजत नाही. पण हे वगळून अक्काबद्दल लिहायचं असेल तर मी न लिहिलेलंच बरं.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. शोभाअक्का आमच्या धुळ्यातल्या देवपूरच्या कॉलेजात संगणक विभागाची लॅब अटेंडंट होती. तिचा नवरा इथेच शिपाई होता. तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर तिला नोकरी मिळाली, तेव्हा पल्लवी दुसरीत होती. अक्का माझ्याहून चारच वर्षांनी मोठी, पण मुलं तिला अक्का म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले, आणि ती मला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत मॅडम म्हणत राहिली. सकाळी लॅब उघडायची, फरशी पुसायची, चौदा मशीनांवरची धूळ झटकायची, मेन स्विच लावायचा, आणि संध्याकाळी पाच वाजता हे सगळं उलट्या क्रमाने करायचं, हे तिचं काम. मशीन चालू करायचं, बंद करायचं, पण त्याच्यासमोर खुर्चीत बसायचं नाही, असा ऑफिसचा दंडक होता. तो कुणी कधी लेखी दिलेला नव्हता, पण तिने तो शेवटपर्यंत पाळला. माऊससुद्धा ती उभ्यानेच हलवायची.

चौदा नंबरचं मशीन जुनं होतं. बंद करायला सांगितलं तरी पाच-पाच मिनिटं पडद्यावर ते गोल गोल फिरत राहायचं. बाकीचे सरळ बटण दाबून धरायचे किंवा वायर उपटायचे. अक्का मात्र त्याच्या डब्यावर तळहात ठेवून उभी राहायची. आतला पंखा थांबला, थरथर गेली, की मगच हात काढायची आणि मेन स्विचकडे वळायची. एकदा मी जर्नल्सवर सह्या करत बसले होते, तर तिने तसंच हात ठेवून विचारलं, "मॅडम, याले बंद व्हायले इतला टाईम काबर लागस?" मला घरी जायची घाई होती. पण प्रश्न इतका नेमका होता की मी पेन खाली ठेवलं. सांगितलं, की अक्का, आत कितीतरी कामं चालू असतात, आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवणारं एक मुख्य असतं. बंद कर म्हटलं की ते मुख्य प्रत्येकाला निरोप धाडतं की हातातलं आवर, लिहायचं राहिलं असेल ते लिहून घे, मग नीघ. एखादं काम आवरत नसेल तर त्याच्यासाठी थांबतं. अक्काने हात न काढताच माझ्याकडे बघितलं. "बठ्ठास्ले सांगस तो? एक एकले?" मी हो म्हटलं. "मंग वायर खेचनं म्हंजे पाप शे," असं म्हणून ती परत डब्याकडे बघू लागली. दुसऱ्या दिवशी चौदा नंबरवर तिच्या ठसठशीत अक्षरात एक पट्टी चिकटवलेली होती: याले टाईम लागस. घाई करू नका.

तिथून सुरुवात झाली. पुढे वर्षानुवर्षं रोज पाचच्या पुढे वीस मिनिटं अक्काचा तास असायचा. मी खुर्चीत, ती उभी. कितीदा म्हटलं बस गं, तर खिडकीच्या कट्ट्याला टेकायची. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय मी एकवीस वर्षं शिकवतेय, आणि खरं सांगते, तो मला अक्काला सांगताना समजला. प्रोसेसर एकच आणि कामं शंभर, तर प्रत्येकाला थोडी थोडी पाळी, हे मी सांगितलं तर ती म्हणाली, हे तर आमच्या गल्लीतल्या नळासारखं, एकेकीने एकच हंडा भरायचा आणि परत रांगेच्या शेवटी जायचं. डेडलॉक म्हणजे काय, हे पुस्तकात चार अटींसकट दीड पानात दिलेलं असतं आणि मुलं ते घोकून विसरतात. अक्काने ते एका दमात सांगितलं होतं. "एकनी पाटा धरा, दुसरीनी वरवंटा. ही म्हनस तू दे मंग मी देसू, ती म्हनस तू दे मंग मी देसू. चटणी कोनीच वाटस नही." मी हसले. दुसऱ्या दिवशी वर्गात हेच उदाहरण दिलं, आणि कोणाचं ते सांगितलं नाही. आजवर कधीच सांगितलेलं नाही.

मग तिने पदवीसाठी नाव घातलं. बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून, माझ्याच नादाने. आमच्या विभागात लॅब असिस्टंटची एक जागा रिकामी होणार होती आणि त्या जागेसाठी पदवी लागत होती. पगार वगैरे ठीक आहे, पण अक्काच्या मनात दुसरंच होतं. असिस्टंटला मशीनसमोर बसता येतं, तिथे त्याच्या नावाचं खातं असतं, काही बिघडलं तर आत शिरून बघायचा त्याला अधिकार असतो. "उभं राहीसन कितलं शिकाव," ती म्हणायची. पहिल्या वर्षी तिला दोन विषयांत केटी लागली, दुसऱ्या वर्षी तीन. तिने एकेक काढत आणले. इंग्रजी तर चौथ्या खेपेला सुटलं आणि तिने सगळ्या स्टाफला पेढे वाटले. शेवटी एकच विषय उरला. ऑपरेटिंग सिस्टिम. रोज पाच वाजता माझ्याकडून शिकत होती तो. आणि नियमाप्रमाणे नाव घातल्यापासून ठरावीक वर्षांत पदवी पुरी झाली नाही तर आधीचे सुटलेले विषयही जातात. तिच्या हातात दोन संधी होत्या, गेल्या एप्रिलची आणि नोव्हेंबरची.

एप्रिलच्या आधी तिला म्हटलं होतं, की अक्का, तुझं घोडं पाठांतराशी अडतंय. पुस्तकातलं इंग्रजी घोकू नको. तुला जे समजलंय ते आपल्या शब्दांत लिही, साधं लिही, तपासणारा आंधळा नसतो. ती म्हणाली, "नक्की ना, मॅडम?" मी म्हणाले, नक्की. पेपर झाल्यावर ती खूश होती. कर्नलवर पाच मार्कांचा प्रश्न आला होता आणि तो सगळ्यात छान लिहिला, असं तिने मला व्हरांड्यात थांबवून सांगितलं. कर्नल म्हणजे तेच ते आतलं मुख्य, सगळ्यांना निरोप धाडणारं. तो तिचा लाडका धडा होता. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि पुढे गेले.

मे महिन्यात आम्हा पाच-सहा जणांना पेपर तपासायला जळगावला बोलावलं. मोठा हॉल, वर गरगरणारे पंखे आणि खाली गरमच वारा, जळगावचा मे काय असतो ते सांगायला नको. उत्तरपत्रिकांवर नाव नसतं, नंबरही झाकलेला असतो, नुसतं एक चिकटवलेलं सांकेतिक लेबल. दुपारी जेवण झाल्यावर डोळे मिटायला लागले होते, आणि एका पेपरात मला ते उत्तर दिसलं. तुटक्या इंग्रजीत लिहिलेलं, पण ओळी सरळ. कर्नल एकच असतो. जवानाला गोदामात थेट जाता येत नाही, बंदूक असो की बूट, त्याला अर्ज करावा लागतो. कर्नल बघतो, द्यायचं की नाही ठरवतो. दोन जवानांनी एकच वस्तू मागितली तर कोणाला आधी, ते कर्नल ठरवतो. युनिट हलवायचं असेल तर सगळ्यांना आवरायला सांगतो आणि सगळ्यात शेवटी स्वतः निघतो. आणि जिथे जिथे कर्नल, तिथे तिथे स्पेलिंग सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल. लष्करातल्या कर्नलचं. मी फस्सकन हसले. मग ते उत्तर मी मोठ्याने वाचून दाखवलं... सगळ्या टेबलाला. माझा आवाज बरा आहे, वाचते छान. सगळे पोट धरून हसले. एक सर म्हणाले, "ह्याला बॉर्डरवर पाठवा, मॅडम, इथे कशाला वाया घालवताय!" मी लाल पेनने समासात लिहिलं, आर्मी? आणि त्यापुढे अजून दोन प्रश्नचिन्हं. मार्क शून्य. मग चहा आला.

मी ते ओळखलं नाही. असं मी स्वतःला सांगते. अक्काचं मराठी अक्षर मला पाठ होतं, इंग्रजी मी कधी पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं शिकवलं आणि एकदाही वही मागितली नाही, कारण वही तपासायची म्हणजे वीस मिनिटांची चाळीस झाली असती. तिचा मोठा भाऊ फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, सगळे त्यांना नानाभाऊ म्हणतात. त्यांच्या कर्नलसाहेबांच्या गोष्टी ती अधूनमधून सांगायची, आणि मी सह्या करता करता अर्धवट ऐकायचे. मला वाटायचं उदाहरण देतेय. मी कर्नल म्हणायचे, ती कर्नल म्हणायची, तोंडात दोन्ही शब्द एकच. मग त्या दुपारी, ते उत्तर वाचताना, माझ्या मनात कुठेच काही हललं नसेल का? थोडंसं हललं असेल आणि मी ते हसण्यात दाबलं असेल का? सहा आठवडे मी हेच उकरतेय आणि मला उत्तर सापडत नाही.

निकाल लागला, अक्का चार मार्कांनी नापास. ती लॅबच्या दारात उभी होती, निकालाचा कागद पदराखाली धरून, आणि रडत नव्हती. मी तावातावाने म्हणाले, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागव, बघू या कोण गाढव तपासायला बसलं होतं. हे शब्द माझेच. जुलैत झेरॉक्स आली. पाच वाजून गेले होते, मुलं गेली होती. तिने ते कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवले, बरोबर ते पान काढून, आणि विचारलं, "मॅडम, या उत्तरमा काय चुकनं?" झेरॉक्समध्ये लाल शाई काळी दिसते. पण ते तिरकं 'आर्मी', ती तीन प्रश्नचिन्हं, ते शून्याला वरून बंद न करणं... ते माझं होतं. ज्या फळ्यावरचं माझं अक्षर ती बारा वर्षं रोज पुसत आली होती, तेच अक्षर. मी कागद जवळ ओढला, जणू नीट वाचतेय. मग म्हणाले, "स्पेलिंग चुकलं, अक्का. हा के-ई-आर-एन-ई-एल. कर्नल." तिने ओठ हलवून ती अक्षरं जुळवून बघितली. "हाई केर्नेल?" ती म्हणाली. "पुस्तकमा केर्नेल शे ते? माले वाटं ते दुसरंच काही शे. इचारानं राही गयं." मी मराठीतून सांगत गेले, ती वहीत देवनागरीत कर्नल लिहीत गेली, आणि परीक्षेसाठी स्पेलिंग हवं म्हणून तिने पल्लवीच्या मराठी-इंग्रजी डिक्शनरीत कर्नल शोधला. डिक्शनरीने तिला बरोबर स्पेलिंग दिलं. आमच्या दोघींची मिळून ती चूक होती, आणि त्यात तिचा वाटा प्रामाणिकपणाचा होता.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. अगदी सोपं होतं. अक्का, हे मी तपासलंय. पुनर्मूल्यांकनाला टाक, दुसरा परीक्षक स्पेलिंग सोडून देईल, उत्तर सगळं बरोबर आहे, पाचपैकी चार कुठेच गेले नाहीत. अर्ज करायला पाच दिवस होते. पण पुनर्मूल्यांकनात एवढा फरक पडला की पहिल्या परीक्षकाची विचारणा होते, आणि मी ते उत्तर तर भरल्या हॉलमध्ये वाचून दाखवलेलं होतं, सगळ्यांच्या लक्षात होतं. आमच्याच अटेंडंटचं, मीच शिकवलेलं उत्तर. मला माझी अब्रू दिसत होती. मी म्हणाले, "पुनर्मूल्यांकनात काही होत नाही गं अक्का, उगाच हेलपाटे. नोव्हेंबरला दे, आता तर एका स्पेलिंगचाच प्रश्न आहे, आरामात निघशील." तिने कागद उचलला. मग म्हणाली, "तपासणारानी काय चूक नही, मॅडम. तुम्ही सांगशात तसंच करसू." कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि चौदा नंबरच्या डब्यावर हात ठेवून उभी राहिली.

ऑगस्टपासून तिच्या पोटात दुखायचं. मधेच भिंतीला टेकायची, घाम पुसायची. मी म्हणाले, दाखवून घे. प्राध्यापकांच्या खोलीतल्या बाकीच्याही म्हणाल्या. तिचं एकच, "आधी पेपर, मंग डॉक्टर." पेपरची शेवटची संधी होती आणि दवाखान्यात एकदा शिरलं की महिना जातो, हे तिने नवऱ्याच्या वेळी पाहिलेलं होतं. रोज पाचनंतर ती जुन्या छापील कागदांच्या पाठीवर ते स्पेलिंग लिहायची. जुलैत मी तोंड उघडलं असतं तर ऑगस्टमध्ये ती मोकळी होती. ऑगस्टमध्ये ती डॉक्टरांकडे गेली असती. पुढे जळगावच्या डॉक्टरांना मी हे विचारलं, दोन महिने आधी आली असती तर? ते म्हणाले, या दुखण्यात सांगता येत नाही, कदाचित नाही, कदाचित हो. मी त्यांच्यासमोर बसून राहिले, त्यांनी दोनपैकी एक काहीतरी म्हणावं म्हणून. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ऑक्टोबरच्या शेवटी ती लॅबमध्येच कोसळली. पोटात गाठ निघाली, पसरलेली. तिची धाकटी बहीण सुनंदा जळगावला मेहरूणला राहते, म्हणून उपचार तिकडेच करायचं ठरलं. पेपरच्या दिवशी अक्का दवाखान्यात सलाइनवर होती. पल्लवीने मला नंतर सांगितलं, की सकाळी दहाला तिने हॉल तिकीट उशाशी मागून घेतलं आणि एक वाजता, पेपर सुटायच्या वेळी, परत दिलं. त्याच दिवशी मी देवपूरला परीक्षा हॉलमध्ये सुपरव्हिजनला होते आणि तिच्या बाकावर, तिच्या नंबरसमोर, मला गैरहजर अशी खूण करावी लागली. मी ती केली आणि यादी पुढच्या बाकावर नेली.

जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, मी मेहरूणला गेले. ठरवून गेले होते. धुळ्याहून एसटीत बसल्यापासून वाक्यं जुळवत होते. पारोळ्याला एक वाक्य ठरलं, एरंडोलला ते मोडलं. सुनंदाचं घर तलावापासून दोन गल्ल्या आत. बाहेरच्या खोलीत पलंग, त्यावर अक्का, आणि ती इतकी लहान झाली होती की मी क्षणभर दुसऱ्याच कोणाला तरी बघितल्यासारखी उभी राहिले. तिने हात वर केला. "मॅडम, बठा ना. इतलं लांब कसाले उनात?" मी बसले. ती कॉलेजचं विचारत होती, चौदा नंबर चालतं का, बंद कोण करतं. मी सांगितलं, मीच करते. मग म्हणाली, "एक प्रश्न इचारा ना माले. तोंडी परीक्षामा इचारतस तसा." पेपर होऊन गेला होता, आता कोणताच पेपर नव्हता. मी विचारलं, अक्का, मशीन बंद करायला वेळ का लागतो? तिने डोळे मिटून, थांबत थांबत, सगळं सांगितलं. निरोप जातो. जो तो आपापलं लिहून घेतो. ज्याचं आवरत नाही त्याच्यासाठी थांबतात. शेवटी मुख्य निघतो. आणि मग डोळे उघडून, अगदी मुद्दाम, के-ई-आर-एन-ई-एल, असं एकेक अक्षर म्हणाली. मी म्हणाले, "अक्का, तो एप्रिलचा पेपर... मला तुला..." तिने लगेच मान सुनंदाकडे वळवली. "सुनंदा, चहा ठेव व. मॅडमले आलं चालस, साखर कमी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, तोंड कोरडं पडतंय, जरा पाणी द्या. मी पाणी दिलं. चहा आला, पल्लवी आली, शेजारची कोणी बाई आली. माझं वाक्य राहून गेलं, आणि मी ते राहू दिलं. परतीच्या गाडीत मला वाटत होतं, पुढच्या रविवारी सांगू.

पुढच्या रविवारपर्यंत ती राहिली नाही. दहावं-तेरावं झाल्यावर मला झोप येईना, जेवण जाईना. शेवटी मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, हॉलमध्ये वाचून दाखवल्याचंसुद्धा. उत्तर बरोबर होतं, शून्य माझं चुकलं, माझ्यावर जी काही कारवाई करायची ती करा, पण तिचा निकाल सुधारून पदवी तिच्या मुलीच्या हातात द्या. स्वतः जाऊन दिलं, तीन खिडक्या फिरून आवक नंबर घेतला. एका बाईंनी पत्र वाचून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुलांसाठी शिफारस घेऊन आलेली कुणी वेडी आहे. पंधरा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज विहित मुदतीत प्राप्त नाही, तसेच विद्यार्थिनी मयत असल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. म्हणजे फाइल बंद. ते कागद तरी काय करणार. मुदतीत अर्ज करू नको असं तिला मीच सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात पल्लवी कॉलेजात आली, तिच्या आईचे कागद नेण्यासाठी, आणि माझ्यासाठी एक कापडी पिशवी घेऊन. "आईने सांगितलं होतं, वह्या मॅडमना दे, त्यांच्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील." पिशवीत सहा वह्या होत्या. मी कधी न मागितलेल्या. माझं इतक्या वर्षांतलं बोलणं, तारखा घालून. पाटा-वरवंट्याचं चित्रसुद्धा होतं, दोन बायका, मध्ये मिरच्या. आणि सगळ्यात खाली ती झेरॉक्स, चार घड्या पडलेली. मी ते पान उलगडलं. माझ्या तीन प्रश्नचिन्हांच्या शेजारी, पेन्सिलीने, बारीक अक्षरात, मशीनच्या पट्टीवर होतं त्याच अक्षरात, लिहिलेलं होतं:

अक्षर मॅडमनं शे. त्यास्ले सांगानं नही. वाईट वाटी त्यास्ले.

खाली तारीख होती. जुलैची. ती मला कागद दाखवायला आली त्याच्या आदल्या दिवसाची. म्हणजे टेबलावर ते पान ठेवून तिने विचारलं, या उत्तरमा काय चुकनं, तेव्हा तिला माहीत होतं. मी बोलेन म्हणून ती थांबली होती. मी बोलले नाही, आणि तिने तेही सांभाळून घेतलं. मेहरूणला मी तोंड उघडलं तर तिने चहा मागवला. पल्लवी समोर उभी होती, काय झालं मॅडम, काय झालं, असं विचारत होती. मी तिला सांगितलं. सगळं, हॉलमधल्या हसण्यापासून. ती खुर्चीत बसली, तिची आई जिथे कधी बसली नाही त्या खुर्चीत. मग उठली आणि गेली. झेरॉक्स तिने माझ्याकडून घेतली नाही, परतही मागितली नाही. तिने मला माफ करावं असं मी म्हणणार नाही. तो अर्जसुद्धा मुदतीनंतरचाच आहे.

आता पाच वाजता लॅब मीच बंद करते. तेरा मशीनं पटापट मिटतात. चौदावर ते गोल फिरत राहतं, आणि त्याच्या डोक्यावर ती पट्टी आहे, कडा उचकटलेल्या, याले टाईम लागस. मी डब्यावर तळहात ठेवून उभी राहते. आत थरथर असते, मग कमी होते, मग पंखा थांबतो. पंखा थांबला की अक्का हात काढून घ्यायची. मला तो काढता येत नाही. खालून वॉचमन हाक मारतो, मॅडम, झालं का, गेट लावायचंय... आणि मी म्हणते, थांबा, तिचं आवरायचंय.